बंपरवरचे ‘अधिक’ चिन्ह म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण एका वाचकाची तक्रार ठळक छापलीत. नवी गाडी, पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर लागून चिरला, गॅरेजवाल्याने तो उतरवला आणि आतल्या बाजूला उठावाची अक्षरे दिसली: पीपी + ईपीडीएम – टीडी २०. गृहस्थ चिकित्सक दिसतात, त्यांनी अर्थ शोधून काढला. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, न्हाणीघरातल्या बादलीचे प्लास्टिक. ईपीडीएम हे एक रबर. टीडी २० म्हणजे शेकडा २० टाल्कची पूड, आपल्या भाषेत शंखजिरे. लाखो रुपयांच्या गाडीला बादली, रबर आणि अंगाला लावायची पावडर, असा त्यांचा संताप. आणि आपण वर मथळा दिलात, ‘बंपरमध्येही भेसळ, कंपनीचीच कबुली’.

चहाचा कप हातात तसाच राहिला. भोसरीच्या एमआयडीसीत ३४ वर्षे मी प्लास्टिक मोल्डिंगचे काम केले, हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. भेसळ काय असते हे मी नाकाने, नखाने आणि मालकाच्या शिव्यांनी शिकलो आहे. तुम्ही जिला भेसळ म्हटलेत ती भेसळ नाही, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. लांबेल थोडे.

आधी अक्षरांचे. ती कबुली नाही, ओळखपत्र आहे. मोठ्या प्लास्टिक भागांवर ते कशाचे आहेत हे लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ११४६९. मधले ‘अधिक’ चिन्ह म्हणजे दोन पॉलिमर (प्लास्टिक-रबरासारखे पदार्थ) मिसळून केलेला माल, ज्याला इंग्रजीत ब्लेंड म्हणतात. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या पाठीवर किंवा जुन्या कीबोर्डच्या आत बघा, ‘पीसी + एबीएस’ (दोन्ही कडक प्लास्टिके) असे कुठेतरी सापडेल. रोज सकाळी दारात पडणारी दुधाची पिशवीसुद्धा बहुधा दोन जातींच्या पॉलिथिनचे मिश्रण असते. एकीमुळे फिल्म नीट फुगते आणि दुसरीमुळे पिशवी टाचणीएवढ्या टोकाने फाटत नाही, शिवणही धरते. मग दूधवाल्यावर नाही का भेसळीचा खटला भरायचा? (दुधाबद्दल मी बोलत नाही, पिशवीबद्दल बोलतोय.)

पितळेत तांबे आणि जस्त असते, काशाच्या वाटीत तांबे आणि कथील. आजीच्या पितळी तांब्याला कुणी भेसळीचा म्हणत नाही. सोनार २२ कॅरट सांगून २२ कॅरट देतो तो धंदा, २२ सांगून १८ देतो ती भेसळ. दोन्ही वेळा सोन्यात दुसरी धातू आहेच. फरक सांगण्या-न सांगण्याचा आहे. आणि प्लास्टिकमध्ये आणखी एक फरक आहे, तो जास्त मोठा. आत ते दोन पदार्थ एकमेकांशी कसे राहतात, हा.

१९८६ सालची गोष्ट. आमच्याकडे स्कूटरच्या नंबरप्लेटवरच्या दिव्याची पांढरी काच व्हायची, ॲक्रिलिकची. रात्रपाळीला एका नव्या पोराने हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा भरायच्या नरसाळ्यात, उरलेला अर्धा बाचका क्रिस्टल ओतला. क्रिस्टल म्हणजे साधे पॉलिस्टायरिन. त्याचा दाणाही काचेसारखा, ॲक्रिलिकचाही काचेसारखा. त्याला काय कळणार. सकाळी मी आलो तर पेटीत सगळ्या काचा दुधी. पारदर्शक अधिक पारदर्शक बरोबर दूध! आम्हाला वाटले दाणा ओला राहिला असेल. पण ओलीने रुपेरी रेघा येतात, दूध होत नाही. एक काच वाइसमध्ये धरून बोटाने दाबली, तर बिस्किटासारखी तुटली.

मालकांचे मेहुणे रसायनशास्त्र शिकवायचे. ते आले, काच खिडकीशी धरून हसले आणि म्हणाले, “तुम्ही यांचं लग्न लावलंय, पण हे एका घरात राहतच नाहीयेत.” त्यांनी सांगितले ते मला आजही पाठ आहे. ॲक्रिलिकचा प्रकाश वळवण्याचा आकडा (अपवर्तनांक) १.४९, पॉलिस्टायरिनचा १.५९. दोघे खरोखर एकजीव झाले असते तर काच स्वच्छ निघाली असती. पण एकात दुसऱ्याचे बारीक थेंब तयार झाले, आणि प्रत्येक थेंबाच्या कडेवर प्रकाश इकडेतिकडे विखुरला. दुधात चरबीचे थेंब आणि प्रथिनांचे कण असतात म्हणून दूध पांढरे. आमची काच त्याच न्यायाने दुधी.

का नाही मिसळत, हा प्रश्न मी त्यांना विचारला. साखर पाण्यात मिसळते, स्पिरिट पाण्यात मिसळते, मग ही दोन प्लास्टिके वितळलेली असताना का नाही? उत्तर असे. सुटे वारकरी दोन गावांचे असले तरी वाळवंटात बघता बघता एकमेकांत मिसळून जातात, कारण प्रत्येकाला कुठेही जायची मोकळीक असते. पण हजार-हजार माणसे एकेका दोराला बांधून सोडली तर? फिरायची मोकळीक माणसागणिक उरत नाही, दोरागणिक उरते. पॉलिमर म्हणजे असे दोर. लहान रेणू मिसळतात ते बरेचसे या मोकळिकीच्या जोरावर. लांब साखळ्यांत तो जोर जवळजवळ शून्यावर येतो. मग दोघांत किंचित नावड असली तरी ती पुरते, आणि दोघे वेगळे होतात. फ्लोरी आणि हगिन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४१-४२ च्या सुमारास हे गणिताने मांडले. फ्लोरींना पुढे १९७४ चे नोबेल मिळाले. म्हणजे आमच्या रात्रपाळीच्या पोराने जो नियम अर्ध्या बाचक्यात सिद्ध केला, त्याचे गणित त्याच्या आधी ४५ वर्षे होऊन गेले होते. पोराची मात्र आठ दिवसांची हजेरी कापली गेली.

अपवाद आहेत. पीपीओ नावाचे एक प्लास्टिक १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ॲलन हे यांनी शोधले. उष्णतेला दणकट, २१० अंशांच्या आसपास मऊ पडणारे, आणि त्यामुळेच साच्यात भरताना जीव घेणारे. ते आणि साधे पॉलिस्टायरिन हे कुठल्याही प्रमाणात खरेच एकजीव होतात. पॉलिस्टायरिन १०० अंशांना मऊ पडते. दोघांच्या मिश्रणाला मऊ पडण्याचे एकच तापमान असते, प्रमाणानुसार दोघांच्या मधले. यातूनच नोरिल बाजारात आले. आम्ही त्याचे पंपाचे इम्पेलर काढायचो. इतका गुणी माल मी दुसरा पाहिला नाही, मापात जराही हलत नाही. बादलीचे प्लास्टिक आणि काचेचे प्लास्टिक अशी वर्गवारी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की नोरिलमधला एक भाऊ म्हणजे एकदा वापरून फेकायच्या कपाचे प्लास्टिक.

पण नोरिलसारखे जोडपे विरळा. बाकी सगळ्या संसारात दोघे वेगळ्या खोल्यांतच राहतात. कारागिरी आहे ती त्या खोल्या केवढ्या करायच्या आणि मधली भिंत कशी सांधायची, यात.

फ्रिजचे दार उघडा. आतले पांढरे अस्तर बहुतेक वेळा हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनचे असते, आमच्यात नुसते ‘हिप्स’ म्हणतात. क्रिस्टल हातातून पडला की फुटतो, आणि हिप्स आपटला तरी टिकतो, कारण त्यात थोडेसे रबर आहे. पण ते रबर खलबत्त्यात कुटून मिसळलेले नाही. आधी स्टायरिनच्या पातळ द्रवात रबर विरघळवतात आणि मग ढवळत ढवळत त्या द्रवाचेच प्लास्टिक करतात. त्यामुळे आत जे रबराचे गोळे बनतात ते भरीव नसतात. मायक्रोस्कोपखालचा फोटो त्या मेहुण्यांनी मला दाखवला होता. थेट डाळिंब. पडदे रबराचे आणि पडद्यांत दाणे पॉलिस्टायरिनचे. थोड्या रबरात मोठा गोळा तयार होतो तो असा. गोळ्याचा आकार एक ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि केस ५० ते १०० मायक्रॉनचा. हिप्सची पट्टी वाकवा, वळणावर पांढरी होते. लोक म्हणतात रंग गेला. रंग नाही गेला. प्रत्येक रबरी गोळ्याच्या आसपास हजारो सूक्ष्म भेगा पडल्या आहेत आणि त्या भेगांत प्लास्टिकचेच धागे ओढले जाऊन पूल धरून उभे आहेत. एक मोठी तडा जाण्याऐवजी मार हजार ठिकाणी वाटला गेला. तो पांढरेपणा म्हणजे वाचल्याची खूण.

आता बंपर. पीपी चांगला, हलका, स्वस्त, रसायनांना दाद न देणारा. त्याची एक खोड आहे: शून्य अंशाच्या आसपास तो ताठर होतो. पुण्यात कळणार नाही, पण तीच गाडी लेहला विकायची असते. तिथे जानेवारीत नुसत्या पीपीच्या बंपरला कुणी लाथ मारली तर ठिकऱ्या. ईपीडीएम उणे ५० अंशांच्या आसपासही रबरच राहते. त्याचे बारीक थेंब पीपीत पसरले की थंडीतला मार ते झेलतात. पण रबर घातले की बंपर लिबलिबीत होतो. म्हणून शंखजिरे. त्याच्या चपट्या कपच्या वितळलेल्या मालाच्या प्रवाहात आडव्या बसतात, ताठपणा परत आणतात, आणि माल गार होताना आक्रसतो तेही कमी करतात. नाहीतर दीड मीटर लांबीचा बंपर गाडीच्या पत्र्याशी जुळणार कसा? तीन वस्तू, तिघांची तीन कामे. यातली पावडर काढून टाकली तर बंपर ‘शुद्ध’ होईल आणि उन्हाळ्यात पोट काढून लोंबेल.

रबर आणि पीपी निदान चुलत भाऊ आहेत, दोघांच्या साखळ्या एकाच खानदानातल्या. नायलॉन आणि रबर तर परके. त्यांना नुसते एकत्र वितळवले तर कढी फुटावी तसे होते. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो. इथे बेसन म्हणजे रबराच्या साखळीला चिकटवलेला मॅलेइक ॲनहायड्राइडचा एक छोटा हात. तो हात नायलॉनच्या टोकाशी खरोखर रासायनिक गाठ मारतो. मग थेंब बारीक होतात आणि सुटत नाहीत. ड्यूपाँटच्या संशोधनातून १९८५ मध्ये आणखी एक गंमत पुढे आली. नायलॉन चिवट होणार की ठिसूळ, हे दोन रबरी थेंबांच्या मधल्या अंतरावर ठरते. ते अंतर साधारण ०.३ मायक्रॉनच्या आत आले की तोच नायलॉन अचानक चिवट होतो. प्रमाणाच्या तक्त्यात हे अंतर कुठे दिसत नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी मशीनवर कळले होते. पीसी + एबीएसचा माल चालू होता, स्विचच्या पेट्या. साच्यातली एक पिन अडकली म्हणून पाऊण तास मशीन थांबवली, पण बॅरलचे (माल वितळवणाऱ्या नळीचे) हीटर कुणी बंद केले नाहीत. पुन्हा चालू केल्यावर पहिले आठ-दहा नग गेटपाशी (माल साच्यात शिरतो तिथे) सोलून निघाले. थोडा माल जळला होता हे खरे, पण सगळे दुखणे तेवढेच नव्हते. वितळलेल्या अवस्थेत नुसते पडून राहिले की बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात, आमटीवरच्या तेलाच्या तवंगासारखे. बाचके तेच, कंपनी तीच, टक्केवारी तीच, आणि नग वेगळा. तेव्हापासून माझा नियम होता: दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर बॅरल रिकामी करा. स्टोअरवाला मालाच्या नासाडीवरून भांडायचा. मी म्हणायचो, भांड.

आता खरी भेसळ सांगतो, म्हणजे मथळ्यातला शब्द वाया जायला नको.

१९९४ च्या उन्हाळ्यात आमच्या मालकांनी एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात ‘पीपीचा रीप्रोसेस दाणा’ घेतला. काळा. पाणी उपसायच्या मोटारीच्या पंख्यावरची जाळी त्यातून काढायची होती. दाणा आला की आम्ही दोन चाचण्या घ्यायचो. पहिली, ग्लासभर पाण्यात टाकायचा. पीपीची घनता ०.९०, तो तरंगला पाहिजे. तरंगला. दुसरी, लायटरने पेटवून वास. ती त्या दिवशी घाईत राहिली, आणि तो दोष माझा. तीन दिवस माल निघाला. चौथ्या दिवशी पॅकिंगमधल्या बाईंनी एक जाळी माझ्यापुढे धरली. गेटपाशी नखाने उचकटले तर पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. भाकरीला पापुद्रा सुटला की सुगरण खूश होते. मोल्डरच्या पोटात गोळा येतो.

दाण्यात शेकडा दहाच्या आसपास हिप्स असावे. हिप्सची घनता १.०४, एकटे असते तर बुडाले असते. पण पीपीत दहावा हिस्सा मिसळले तर सगळ्याची घनता होते ०.९२ च्या आत. म्हणजे मजेत तरंगणार. पाण्याची चाचणी सुट्या मालाला पकडते, वितळवून एक केलेल्या मालाला नाही. व्यापाऱ्याला हे माहीत होते, मला नव्हते. नंतर पेटवून पाहिले तर पीपीचा मेणबत्तीसारखा वास, आणि त्यावर पॉलिस्टायरिनची ती काळी काजळी, जाळ्यासारखी हवेत तरंगणारी.

पीपी आणि हिप्स यांच्यात बेसन नव्हते. हिप्सचे थेंब साच्यात शिरताना लांब ताणले गेले, पापुद्र्यासारखे आडवे बसले, आणि कुणीच कुणाला धरले नाही. जाळ्या दिसायला झकास होत्या. पहिल्या मोसमात मोटारीच्या थरथरीने दोन टेम्पो माल परत आला. मालकांनी भरपाई दिली. व्यापारी पुन्हा दिसला नाही.

माझ्या लेखी भेसळ ही आहे. पीपी सांगून दुसरे दिले, सांधण्याची तसदी घेतली नाही, आणि कुठेही ‘अधिक’ चिन्ह लिहिले नाही. तुमच्या वाचकाच्या बंपरवर तिन्ही गोष्टी उलट आहेत.

गेल्या रविवारच्या त्याच अंकात आतल्या पानावर आणखी एक बातमी होती, एका सोसायटीने ‘सगळे प्लास्टिक एकत्र वितळवून’ बाके केल्याची. तिला आपण कौतुकाचा मथळा दिलात. गंमत बघा! जिथे विचार करून मिसळले तिथे भेसळ, आणि जिथे हाताला लागेल ते कढईत टाकले तिथे कौतुक. पॉलिथिन ११० ते १३० अंशांत वितळते, पाण्याच्या बाटलीचे पेट २५० च्या पुढे. पॉलिथिनच्या तापमानावर पेटचे तुकडे तांदळातल्या खड्यांसारखे तसेच राहतात. तापमान वाढवा, तर त्यात कुठे पीव्हीसी असेल तर ते हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सोडू लागते, कामगाराच्या नाकात आणि मशीनच्या स्क्रूवर. जाड, भरीव बाकाला हे मिश्रण कसेबसे चालते, कारण बाकावर नुसते बसायचे असते. मी त्याला नावे ठेवत नाही, कचराकुंडीपेक्षा बाक बरे. पण धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत जी माणसे दिवसभर तुकडे आपटून आवाजावरून, जाळून वासावरून जाती वेगळ्या करतात, त्यांना प्लास्टिकबद्दल आपल्या दोन्ही बातम्यांपेक्षा जास्त कळते. आधी वेगळे करा, मग पाहिजे ते, पाहिजे त्याच्याशी, सांधून मिसळा. उलटा क्रम चालत नाही. एकदा वितळवून एक झालेले प्लास्टिक पुन्हा वेगळे करणारा भंगारवाला मला ३४ वर्षांत भेटला नाही.

शेवटी त्या गृहस्थांच्या कामाचे. चिरलेला बंपर बदलायची बहुधा गरज नाही. प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या आणि आतली तीच खूण त्याला दाखवा. ती वाचून तो पीपीची काडी घेईल. खूण न बघता एबीएसची काडी लावली तर वरून गुळगुळीत दिसेल आणि पहिल्या खड्ड्यात सांधा सुटेल, आमच्या जाळीसारखाच. बदलायचाच ठरवला, तर जुना बंपर भंगारात देताना रागाच्या भरात तो खुणेचा तुकडा कापून पुरावा म्हणून ठेवून घेऊ नका. पुढच्या माणसाला तो लागणार आहे.

आणि आपण दोन ओळींची दुरुस्ती छापावी. मथळ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत नसली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त मोल्डिंग फोरमन, चिंचवड
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. तो व्यापारी अजून हयात असेल.)